बिनकुळाचा जीवाणू

ऑगस्ट १९७६. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, अटलांटा येथील प्रयोगशाळेत जोसेफ मॅकडेड सूक्ष्मदर्शकावर वाकून एक काचपट्टी पाहत होते. काचपट्टीवर गिनीपिगच्या प्लीहेचा पातळ लेप होता. हिमेनेझ पद्धतीने रंगवल्यामुळे ऊतीचा भाग हिरवट दिसत होता आणि जीवाणू असलाच तर तो त्या हिरव्यावर लाल उठून दिसणार होता. तसा एक दिसला. छोटीशी लाल काडी. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग आणखी एक.

मॅकडेड यांच्या माहितीतल्या एकाही संशयित रोगजंतूच्या वर्णनात ती काडी बसत नव्हती. तेव्हा ती बाहेरून मिसळलेली असावी, असा निष्कर्ष निघाला आणि काम तिथेच थांबले. पुढचे चार महिने सारा देश ज्या मारेकऱ्याच्या मागावर होता, तो त्या काचपट्टीवर पडून होता.

ही हकिकत नेहमी एका रोगाच्या शोधाची म्हणून सांगितली जाते. मला ती वर्गीकरणाची हकिकत वाटते. वर्गीकरण म्हटले की शाळेतला तक्ता आठवतो: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. पाठ करायचा, पेपरात लिहायचा आणि विसरून जायचा. पण याच तक्त्यात जागा नसल्यामुळे जीवाणूंचा एक गोतावळा तीस-बत्तीस वर्षे पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत राहिला आणि दर वेळी बाजूला सारला गेला. त्याला जागा द्यायची वेळ आली तेव्हा आख्खे कुल नव्याने मांडावे लागले.

१९७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेचे दोनशेवे वर्ष. ज्या फिलाडेल्फियात ती घोषणा झाली, तिथेच त्या जुलैत ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या पेनसिल्व्हेनिया शाखेचे अधिवेशन भरले. २१ ते २४ जुलै. मुख्य ठिकाण होते ब्रॉड स्ट्रीटवरचे बेलव्ह्यू-स्ट्रॅटफोर्ड हे जुने, दिमाखदार हॉटेल. हजारो माणसे जमली, मिरवणूक निघाली, भाषणे झाली आणि मंडळी आपापल्या गावी परतली. २७ जुलैला संघटनेचे हिशेबनीस असलेले एक निवृत्त हवाईदल अधिकारी घरी वारले. हृदयविकार असावा, असे वाटले. पण मग दुसऱ्या गावाहून बातमी आली, तिसऱ्या गावाहून आली. ब्लूम्सबर्गच्या डॉ. अर्नेस्ट कॅम्बेल यांच्या लक्षात आले की आपल्याकडे आलेले न्यूमोनियाचे तीन रुग्ण एकाच अधिवेशनाला गेले होते. मरणाऱ्यांची गावे वेगवेगळी होती. समान होते ते एवढेच, की सगळे त्या चार दिवसांत त्या हॉटेलात होते.

एकूण २२१ माणसे आजारी पडली आणि ३४ दगावली. त्यांतल्या ३९ जणांनी हॉटेलात पाऊलही टाकले नव्हते, ते फक्त त्या रस्त्याने, त्या परिसरातून गेले होते. त्यांच्या आजाराला ‘ब्रॉड स्ट्रीट न्यूमोनिया’ असे वेगळे नाव पडले. पाणी प्यायलेले आजारी, न प्यायलेलेही आजारी. आणि आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या बायकोला मात्र काही नाही, कारण हा रोग माणसाकडून माणसाकडे जात नव्हता.

पहिला संशय गेला डुकरांच्या फ्लूवर. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत फोर्ट डिक्सच्या छावणीत त्या फ्लूने एक तरुण सैनिक गेला होता, १९१८ची साथ परत येते की काय या धास्तीने देशभर लस टोचण्याची तयारी चालू होती. काही दिवसांतच तपासण्यांनी फ्लू नाही हे स्पष्ट केले, तरी भीतीने आपले काम केले होते: संसदेत अडकलेला लसीकरणाचा कायदा १२ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने मंजूर झाला. मग विषाचा संशय आला. निकेलच्या एका विषारी संयुगाची चर्चा बरेच दिवस रंगली. डेव्हिड फ्रेझर यांच्या नेतृत्वाखाली सीडीसीच्या माणसांनी कोण कुठल्या खोलीत उतरला, कोण तळमजल्याच्या दालनात किती वेळ थांबला, काय खाल्ले, काय प्याले याच्या याद्या केल्या. त्यातून हवेतून काहीतरी पसरले असावे इतके दिसत होते, पण ते ‘काहीतरी’ हाती लागत नव्हते. नोव्हेंबरात संसदेच्या समितीपुढे सीडीसीची झाडाझडती झाली आणि त्याच महिन्यात, गिऱ्हाईक तुटल्यामुळे, बेलव्ह्यू-स्ट्रॅटफोर्डने दारे बंद केली.

मॅकडेड हे रिकेट्सिया या जंतुगटाचे अभ्यासक. सीडीसीत येऊन त्यांना जेमतेम वर्ष झाले होते. त्यांच्या विभागाचे प्रमुख चार्ल्स शेपर्ड हे मात्र नावाजलेले. कुष्ठरोगाचा जीवाणू प्रयोगशाळेत कुठल्याच माध्यमावर वाढत नाही, तो उंदराच्या पायाच्या तळव्यात वाढवता येतो हे शेपर्ड यांनी १९६० साली दाखवले होते. कुष्ठरोगावरची औषधे पारखण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. फिलाडेल्फियाच्या प्रकरणात या दोघांकडे आलेले काम ठरीव होते: हा ‘क्यू ताप’ आहे का, ते पाहा. त्याचा जंतू कॉक्सिएला बर्नेटी. मृतांच्या फुफ्फुसाचा अंश गिनीपिगला टोचायचा, ताप येतो का पाहायचे, मग प्लीहेचा अंश भ्रूण असलेल्या कोंबडीच्या अंड्यात टोचून जंतू वाढवायचा.

गिनीपिगना ताप आला, पण क्यू तापाच्या मानाने फारच लवकर. तिथे काहीतरी गडबड आहे हे मॅकडेड यांना तेव्हाच जाणवले होते. प्लीहेत त्या तुरळक लाल काड्या दिसल्या. नेहमीच्या पोषक माध्यमावर त्या वाढेनात. अंड्यात टोचताना त्यांनी प्रथेप्रमाणे प्रतिजैविके मिसळली. रिकेट्सियाच्या कामात तसे करतातच, नाहीतर इतर जीवाणू माजतात आणि हवा तो जंतू दबून जातो. अंड्यांतही काही वाढले नाही. पद्धतीत चूक कुठेच नव्हती. ती पद्धत एका विशिष्ट जंतूला पकडण्यासाठी घडवलेली होती आणि इतर सगळ्यांना गाळून टाकत होती. खरा गुन्हेगार त्या गाळणीतून वाहून गेला.

डिसेंबरात एका नाताळच्या मेजवानीत एका अनोळखी गृहस्थाने मॅकडेड यांना गाठले. शास्त्रज्ञ जरा विक्षिप्त असतात हे आम्ही चालवून घेतो, पण आमची भिस्त तुमच्यावर होती आणि तुम्ही आमची निराशा केली, अशा अर्थाचे तो बोलला. मॅकडेड यांना ते लागले. नाताळ आणि नववर्ष यांच्यामधल्या आठवड्यात, सगळे रजेवर असताना, प्रयोगशाळेतली राहिलेली आवराआवर करायची त्यांची सवय होती. त्या वर्षी त्यांनी फिलाडेल्फियाच्या जुन्या काचपट्ट्या बाहेर काढल्या. निवडून झालेल्या तांदळात राहिलेला एखादा खडा शोधावा, तशी त्यांनी एकेक पट्टी पुन्हा चाळली. आणि एका पट्टीवर, दृष्टिक्षेत्राच्या कडेला, त्यांना त्या काड्यांचा पुंजका दिसला. सुटी काडी कुठूनही येऊन पडू शकते. पुंजका म्हणजे तिथे काहीतरी वाढत होते.

मला या साऱ्या कहाणीत हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. नवे यंत्र आले नव्हते, नवा नमुना आला नव्हता. एका माणसाने स्वतःचाच निकाल पुन्हा तपासायला घेतला, तोही कुणी सांगितले नसताना.

गोठवून ठेवलेली प्लीहा त्यांनी बाहेर काढली आणि अंड्यांत टोचली. या वेळी प्रतिजैविकांशिवाय. आठवड्याभरात अंड्यांतली भ्रूणे मरू लागली. बलकाच्या पिशवीचा लेप रंगवला, तर काचपट्टी लाल काड्यांनी खच्चून भरलेली. पण एवढ्याने मारेकरी हाच, हे सिद्ध होत नव्हते. त्यासाठी वाचलेल्या रुग्णांच्या रक्तातले सीरम घेऊन ते या जीवाणूंशी भिडवायचे, आणि आजाराच्या सुरुवातीच्या सीरमपेक्षा नंतरच्या सीरममध्ये प्रतिपिंडे वाढली आहेत का, ते पाहायचे. वाढली होती. पुढे प्रसिद्ध झालेल्या निबंधात १११ पैकी १०१ रुग्णांमध्ये ही वाढ नोंदलेली आहे. १८ जानेवारी १९७७ रोजी सीडीसीने जाहीर केले: कारण सापडले, तो एक जीवाणू आहे.

कोणता जीवाणू, ते मात्र सांगता येत नव्हते. त्या निबंधातच, या जीवाणूचे वर्गीकरण अपूर्ण आहे, असे स्पष्ट म्हटले होते. त्याला नाव नव्हते. ‘लीजनेअर रोगाचा जीवाणू’ एवढीच त्याची ओळख.

सीडीसीच्या शीतपेट्यांत जुन्या, न उलगडलेल्या साथींचे सीरम जपून ठेवलेले होते. ते आता बाहेर आले. १९६५ साली वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात न्यूमोनियाने ८१ जण आजारी पडले होते. त्या सीरममध्ये हीच प्रतिपिंडे. १९६८ साली मिशिगन राज्यातल्या पॉन्टिअॅक गावी आरोग्यखात्याच्याच इमारतीत १४४ माणसांना कडकडून ताप आला, तपासाला गेलेले अधिकारीही आजारी पडले, मेले कोणी नाही. तिथेही हीच प्रतिपिंडे, आणि त्या इमारतीत ठेवलेल्या गिनीपिगच्या गोठवलेल्या ऊतीतून पुढे तोच जीवाणू निघाला. एक जीवाणू, एकीकडे जीवघेणा न्यूमोनिया आणि दुसरीकडे चार दिवसांचा ताप.

आता प्रश्न कुळाचा. जीवाणूला कुळ शोधायचे तर आधी तो कृत्रिम माध्यमावर वाढवता आला पाहिजे, आणि हा तर कशावरच वाढेना. सीडीसीच्याच रॉबर्ट वीव्हर यांनी हिमोग्लोबिन आणि एक पोषक मिश्रण घातलेल्या माध्यमावर त्याला पहिल्यांदा रुजवले. मग जेम्स फीली आणि जॉर्ज गॉर्मन यांनी त्यातले नेमके काय लागते ते शोधले: सिस्टीन हे अमिनो आम्ल आणि लोह. सिस्टीन नसेल तर हा जीवाणू वाढतच नाही. पुढे याच मंडळींनी यीस्टचा अर्क आणि कोळशाची पूड घालून एक काळे माध्यम तयार केले. माध्यमात तयार होणारी घातक द्रव्ये कोळसा शोषून घेतो. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत हा जीवाणू त्याच काळ्या ताटलीत शोधतात.

वेन मॉस यांनी त्याच्या पेशीतली मेदाम्ले तपासली, तर ती बहुतांश शाखायुक्त निघाली. ग्रॅम-ऋण, म्हणजे ग्रॅम रंग न धरणाऱ्या, जीवाणूंत असे क्वचितच आढळते. कोशभित्ती मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सरळ सरळ ग्रॅम-ऋण. म्हणजे कवच एका घराण्याचे आणि स्निग्धद्रव्ये दुसऱ्याच घराण्याची. तक्त्यातल्या एकाही घरात तो धड बसत नव्हता.

निर्णय लावला डॉन ब्रेनर यांनी. आतड्यातल्या जीवाणूंच्या मोठ्या कुळातली नाती डीएनएवरून लावण्यात त्यांचा हात बसलेला होता. जनुकक्रम वाचण्याची यंत्रे तेव्हा नव्हती, म्हणून नाते मोजण्याची रीत वेगळी होती. डीएनए म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या दोन साखळ्या. तापवले की त्या सुटतात, थंड होऊ दिले की जोडीदार शोधून पुन्हा जुळतात. ब्रेनर नव्या जीवाणूच्या डीएनएचे तुकडे किरणोत्सारी फॉस्फरसने खुणेचे करत, तापवून साखळ्या सुट्या करत आणि दुसऱ्या जीवाणूच्या सुट्या साखळ्यांमध्ये मिसळून देत. ठरावीक तापमानाला काही तास ठेवल्यावर ते मिश्रण हायड्रॉक्सिअॅपटाइट या खनिजावर ओतायचे. जुळलेल्या जोड्या त्याला चिकटून राहतात, सुट्या साखळ्या वाहून जातात. चिकटलेल्या भागात किरणोत्सार किती, ते मोजले की दोघांचे किती जमले ते कळते. मग तापमान हळूहळू चढवत न्यायचे आणि जोड्या कुठे तुटतात ते पाहायचे. साधारण एक अंश आधी तुटल्या, तर शेकडा एक जागी अक्षरे जुळत नाहीत असे धरतात. नाते आहे की नाही हे तर कळतेच, शिवाय ते किती सैल झाले आहे तेही कळते.

फिलाडेल्फियाचा जीवाणू आणि पॉन्टिअॅकचा जीवाणू एकमेकांशी घट्ट जुळले. ही एकच जाती होती. मग बाहेरची तुलना. या जीवाणूच्या डीएनएत ग्वानिन आणि सायटोसिन यांचे प्रमाण शेकडा ३९ च्या आसपास. ज्यांचे प्रमाण फार वेगळे, ते जवळचे आप्त असणे शक्यच नाही. उरलेल्या, प्रमाण जुळणाऱ्या ग्रॅम-ऋण जीवाणूंशी ब्रेनर यांनी एकेक करून तुलना केली. अर्थपूर्ण असे नाते कुणाशीच निघाले नाही.

१९७८च्या नोव्हेंबरात अटलांटात या रोगावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि १९७९ साली ब्रेनर, स्टायगरवॉल्ट आणि मॅकडेड यांचा छोटासा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात जातीचे नाव ‘लीजनेला न्यूमोफिला’, प्रजाती नवी, जाती नवी आणि कुलही नवे: ‘लीजनेलेसी’. नमुन्याचा वाण ‘फिलाडेल्फिया-१’, त्याच अधिवेशनाच्या बळीच्या फुफ्फुसातून आलेला. एक जाती, तिची एक प्रजाती आणि त्या प्रजातीचे एक कुल. आख्ख्या कुळात त्या घडीला दुसरे कोणी नव्हते.

आता शास्त्रज्ञांना काय शोधायचे ते कळले होते, आणि मग जुनी कपाटे बोलू लागली. १९४७ साली तापाच्या एका रुग्णाच्या रक्तातून गिनीपिगमार्फत मिळवलेला, रिकेट्सियासारखा म्हणून जपून ठेवलेला ‘ओल्डा’ हा वाण तपासला, तर तो लीजनेला न्यूमोफिलाच निघाला. म्हणजे फिलाडेल्फियाच्या २९ वर्षे आधीचा. त्याच्याही आधी, १९४३ साली, फोर्ट ब्रॅगच्या छावणीतल्या तापाचा तपास करताना ह्यू टॅटलॉक यांनी गिनीपिगमधून असाच एक ‘रिकेट्सियासारखा’ जंतू मिळवला होता. १९५९ साली मॅरिलिन बोझमन यांनी गोड्या पाण्यात बुडी मारण्याचा सराव करून न्यूमोनिया झालेल्या एका माणसाकडून आणखी एक मिळवला होता. या लोकांनी काम चोख केले होते. त्यांनी नमुने फेकले नाहीत, गोठवून जपले, वर्णने छापली. ‘रिकेट्सियासारखा’ या शब्दातच त्यांची अडचण दिसते: जवळच्या खणात ठेवायचा, पण तो त्या खणाचा नाही हेही कळत होते. टॅटलॉक यांचा जंतू पुढे ‘लीजनेला मिकडेडी’ झाला, मॅकडेड यांच्या नावाने. बोझमन यांचा ‘लीजनेला बोझमनी’. एका सदस्याचे कुळ वर्ष-दोन वर्षांत भरू लागले. आज त्यात साठाहून अधिक जाती आहेत.

कुळ भरले तसा तंटाही उभा राहिला. या जातींचे डीएनए एकमेकांशी फार थोडे जुळत होते. १९८० साली जॉर्ज गॅरिटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवले की हे एकाच प्रजातीचे नव्हेत, तीन प्रजाती करा: लीजनेला, टॅटलॉकिया, आणि अतिनील प्रकाशात निळसर चमकणाऱ्यांची फ्लुओरिबॅक्टर. ब्रेनर यांना ते मान्य नव्हते. सगळ्यांना सिस्टीन लागते, सगळ्यांची मेदाम्ले त्याच धाटणीची, रोगही तोच, मग डॉक्टरांनी तीन नावे कशासाठी शिकायची? मला ब्रेनर यांची बाजू पटते. वर्गीकरण हे रुग्णाच्या उशाशीही वापरायचे असते, आणि पेनिसिलिन इथे उपयोगी पडत नाही, एरिथ्रोमायसिन पडते, ही गोष्ट ‘लीजनेला’ या एका नावासरशी डॉक्टरच्या लक्षात येते. रायबोसोमच्या आरएनएवरून वंशवृक्ष काढता येऊ लागले, तेव्हा हे सारे एकाच फांदीवरचे आहेत हे दिसले आणि बहुतेकांनी एकच प्रजाती ठेवली. तरी गॅरिटी यांनी दिलेली नावे नियमानुसार वैध आहेत आणि ती वापरणारे आजही भेटतात.

त्याच वंशवृक्षाने एक गोष्ट उघड केली, जी १९७६ साली कुणाच्या स्वप्नातही नव्हती. क्यू तापाचा कॉक्सिएला रिकेट्सियांमध्ये मोजला जात होता. १९८९ साली विल्यम वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी त्याचा आरएनए पाहिला, तर तो रिकेट्सियांपासून फार दूरचा, आणि लीजनेलाच्या जवळचा निघाला. आता लीजनेलेसी आणि कॉक्सिएलेसी ही दोन कुले ‘लीजनेलेल्स’ या एकाच गणात आहेत. मॅकडेड ज्याला शोधत होते आणि त्यांना जो सापडला, ते नातलग होते.

हा जीवाणू राहतो कुठे, याचे उत्तर १९८० साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या टिमथी रोबॉटम यांनी दिले. गोड्या पाण्यातला, मातीतला अमीबा जीवाणूंना गिळून पचवतो. लीजनेला गिळला जातो, पण पचत नाही. अमीबाच्या पोटातच वाढतो आणि त्याला फोडून बाहेर येतो. आपल्या फुफ्फुसातल्या भक्षक पेशींशीही तो हेच करतो. कोमट पाणी, पाइपांतला बुळबुळीत थर, वातानुकूलनाचे कूलिंग टॉवर ही अमीबाची घरे, आणि म्हणून याचीही. टॉवरमधून उडणारे तुषार वाऱ्याबरोबर रस्त्यावर जातात. ब्रॉड स्ट्रीटवरून नुसते चालत गेलेल्यांचे कोडे त्याने उलगडते. बेलव्ह्यू-स्ट्रॅटफोर्डच्या टॉवरमधून जीवाणू प्रत्यक्ष हाती लागला नाही, तरी संशय त्याच्यावरच आहे.

रोबॉटम अमीबांच्या पोटात लीजनेलाचे आणखी भाऊबंद शोधत राहिले. १९९२ साली ब्रॅडफर्ड शहरात न्यूमोनियाच्या साथीचा तपास चालू असताना एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमीबात त्यांना गोल, ग्रॅम रंग घेणारा एक जंतू दिसला. नाव पडले ‘ब्रॅडफर्डकोकस’. त्याचा रायबोसोमी आरएनए मिळवायचा प्रयत्न केला, तो मिळेना. नमुना शीतपेटीत गेला, तिथून यथावकाश फ्रान्समधल्या मार्सेच्या प्रयोगशाळेत पोहोचला. तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याची वीस पैलूंची आकृती दिसली. २००३ साली दिदिए राऊल्ट यांच्या गटाने जाहीर केले की हा जीवाणू नव्हेच, हा विषाणू आहे, साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसेल इतका मोठा. त्याला मिमीव्हायरस म्हणतात, आणि त्याच्यासाठीही एक नवे कुल मांडावे लागले.